मदत हवी आहे: रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू) लावूनही सोयाबीनच्या मुळांवर गाठी नाहीत

लातूर भाग, भारी काळी जमीन, सामू ८.१. आधी ऊस होता, सोयाबीन पहिल्यांदाच. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी कार्बोक्सिन-थायरम (बुरशीनाशक), रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) एकाच पाण्यात कालवून बियाण्याला चोळले. एकरी दोन पोती १०:२६:२६ खत, नंतर युरियाची ४५ किलोची एक गोणी. पीक आता ३५ दिवसांचे, पाने हिरवी. झाडे उपटली तर गाठी चार-पाचच, त्याही आतून पांढऱ्या. आता उभ्या पिकात जिवाणू सोडले तर उपयोग होईल का?

प्रतिसाद १:
झाड उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. ओल असताना खुरप्याने ढेकळासकट काढा, बादलीत भिजवून माती सुटू द्या, मग मोजा. गाठ ब्लेडने कापल्यावर आत गुलाबी-लाल दिसली तरच ती नत्र धरते. तो रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. ३५ दिवसांनी पांढरी म्हणजे काम बंद.

नत्राचा हिशेब करा: खतातून १० किलो, युरियातून २०.७. परभणी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०, म्हणजे एकरी १२ किलो. मातीत नायट्रेट भरपूर असले की झाड स्वतःच गाठी धरणे थांबवते. शिवाय थायरमच्या पाण्यात रात्रभर राहिलेले जिवाणू फारसे जगत नाहीत, ट्रायकोडर्माही नाही.

रायझोबियमच्या पाकिटावर पीक कोणते छापले आहे?

प्रश्नकर्ता:
हरभरा. दुकानदार म्हणाले, सगळ्या कडधान्यांना चालते.

प्रतिसाद २:
मग मूळ कारण हेच. हरभऱ्याचा जिवाणू मेसोरायझोबियम, सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियमच लागतो. सोयाबीन कधीच न घेतलेल्या रानात तो जवळजवळ नसतो, त्यामुळे पाकीट चुकले की जमीन सांभाळून घेत नाही.

आता उभ्या पिकात जिवाणू सोडण्यावर पैसे घालवू नका, उशीर झालाय. मात्र शेंगा भरताना नत्र कमी पडेल. खालची पाने पिवळी पडू लागली की २ टक्के युरिया फवारा, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम, संध्याकाळी.

पुढच्या हंगामात बुरशीनाशक आधी लावून बियाणे सावलीत वाळवा, कीटकनाशक असेल तर त्यानंतर, आणि जिवाणू सर्वांत शेवटी, पेरणीच्या दिवशीच. द्रवरूप असेल तर किलोला १० मिली, भुकटी असेल तर १० किलोला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात. गूळ उकळून कोमट असतानाच कल्चर टाकले तरी जिवाणू मरतात. बियाणे हलक्या हाताने चोळा, साल फार नाजूक असते. धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी) नकोच. पाकिटाची मुदत पाहा आणि दुकानात ते उन्हात ठेवलेले नाही ना, तेही. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात.