मदत हवी आहे: पाच डॉक्टर, तेच एक्स-रे, गणित कसं मांडायचं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात रेडिऑलॉजीत एमडी करते. थिसिसचं विश्लेषण चवथीआधी हातावेगळं करायचं आहे आणि एका जागी गाडं अडलंय. इथे बायोस्टॅटवाले कुणी असतील तर कृपया बघा.

प्रश्न असा: छातीच्या एक्स-रेवर एआयची खूण असली तर डॉक्टर क्षयरोग जास्त अचूक ओळखतात का? रीडर पाच, दोन कन्सल्टंट आणि तीन रेसिडेंट. सगळ्यांनी सगळ्या फिल्म दोनदा पाहिल्या, एकदा खुणेसह, एकदा खुणेविना, मध्ये चार आठवडे सोडून. दर वेळी क्षयाची शक्यता ० ते १०० मध्ये लिहिली. खरा निकाल थुंकीच्या सीबीनॅटवरून (क्षयजंतूंची जनुकीय तपासणी) धरला.

पाचही जणांचे आकडे एकत्र करून एकच आरओसी (निदानाची अचूकता दाखवणारा वक्र) काढ, असा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही. एक फिल्म पाच जणांनी पाहिली म्हणून पाच रुग्ण होत नाहीत; स्टँडर्ड एरर उगाच लहान येईल. शिवाय माणसामाणसांतला फरक त्यात बुडून जातो, आणि तोच तर मोठा आहे. एका फिल्ममध्ये उजवीकडे क्लॅव्हिकलच्या आड पुसटशी छाया आहे. एका कन्सल्टंटने जुना व्रण म्हणून १५ दिले, दुसऱ्याने ७०. अमेरिकेत १९४७ साली क्षयासाठीच चार प्रकारच्या फिल्म पाच वाचकांकडून तपासून घेतल्या होत्या, तेव्हाही फिल्मच्या प्रकारांपेक्षा वाचकांमधलाच फरक जास्त निघाला होता.

म्हणून ओबुचोव्स्की-रॉकेट पद्धत घेतली (अनेक रीडर त्याच फिल्म पाहतात तेव्हा वापरायची), आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये. रीडर फिक्स्ड धरले (म्हणजे फक्त हेच पाच) तर एयूसीतला (आरओसीखालचं क्षेत्रफळ) फरक सिग्निफिकंट येतो. रँडम धरले (म्हणजे अशा अनेक डॉक्टरांतला एक नमुना) की फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल शून्य ओलांडतो, म्हणजे फरक सिग्निफिकंट राहत नाही. गाईड म्हणतात फिक्स्ड दे. पण मग निष्कर्ष या पाच जणांपुरताच राहतो, आणि मला तर सत्तरी-पेडण्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला याचा उपयोग होईल का ते सांगायचं आहे. माझ्या मते रँडमच मुख्य निकाल हवा, फिक्स्ड फार तर जोडीला. बरोबर आहे का?

दुसरं, कन्सल्टंट आणि रेसिडेंट एकाच गटातले धरता येतात का, की पाचात वाटणी करण्यात अर्थच नाही?

आणि एका रेसिडेंटने जवळजवळ सगळीकडे ०, ५० किंवा १०० एवढंच लिहिलंय. त्याच्यासाठी एम्पिरिकल (थेट आकड्यांवरून काढलेला) एयूसी चालेल, की बायनॉर्मल (नॉर्मल वितरण गृहीत धरून काढलेला गुळगुळीत वक्र) बसवू? तीन ठिपक्यांवर वक्र बसवायला मन धजत नाही.

कुणी असं विश्लेषण एथिक्स किंवा परीक्षकांपुढे मांडलं असेल तर त्यांनी काय विचारलं तेही लिहा.