मदत हवी आहे : छातीत व दंडात दुखणे आणि रक्ताचे बिघडलेले रिपोर्ट

माझ्या ६२ वर्षांच्या वडिलांना दोन महिन्यांपासून छातीच्या मधल्या हाडात आणि डाव्या दंडात दुखते. शर्टाच्या बाहीत हात घालतानाही ते कळवळतात. ईसीजी, ट्रोपोनिन व टूडी इको या हृदयाच्या तपासण्या नॉर्मल आल्या, परंतु कमी झालेले हिमोग्लोबिन ८.६ आणि वाढलेले ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) ११० व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) १.९ असे आकडे पाहिल्यावर ‘वयोमानाने होते’ हे फॅमिली डॉक्टरांचे उत्तर मला पटेनासे झाले आहे. महिनाभर लोहाच्या गोळ्या घेऊनही काडीचा फरक नाही. हाडदुखी, रक्तक्षय आणि वाढलेले क्रिएटिनिन एकत्र आढळल्यास मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) नाही ना, हे तपासावे लागते, असे वाचले. त्यासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातील प्रथिनांची चाचणी) व कॅल्शियम या तपासण्या आधीच करून घ्याव्यात, की थेट रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे? कोणाच्या घरी असा अनुभव असल्यास कृपया सांगावे.