इंग्रजी शिकवायला बर्फ हवा की पावसाळा?

खडू-फळा (धागाकर्ता)

मराठी माध्यमात हवामानाचे इंग्रजी शब्द अजून त्याच तक्त्यावरून शिकवतात. चार चौकोन: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. एकात ट्युलिप, एकात बर्फाचा माणूस. पोरं घोकतात, चाचणीत लिहितात. बाहेर धो धो कोसळत असताना मात्र त्यावर एक धड वाक्य बोलता येत नाही. माझं म्हणणं, पाचवीपर्यंत हा तक्ता काढून ठेवा आणि सुरुवात हवामान खात्याच्या रोजच्या इंग्रजी बुलेटिनपासून करा.

तिथे शब्दाला माप आहे. २४ तासांत २.५ ते १५.५ मिमी म्हणजे लाइट रेन, ६४.४ पर्यंत मॉडरेट, ११५.५ पर्यंत हेवी, २०४.४ पर्यंत व्हेरी हेवी, त्यापुढे एक्स्ट्रीमली हेवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, तो कुठल्या पायरीवर, हे विचारून बघा. यलो, ऑरेंज, रेड अलर्ट तर सुट्टीच्या आशेने पोरांना आधीच पाठ असतात.

सोबत वर्गाचं पर्जन्यमापक. एक लिटरची सरळ भिंतींची बाटली घ्यायची, वरचा तिसरा हिस्सा कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. तळ उंचसखल असतो, म्हणून खडे टाकून सरळ भाग लागेपर्यंत पाणी भरायचं, तिथे शून्याची खूण करायची आणि वर मिमीची पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण खात्याची नोंदही तेव्हाचीच. मग फळ्यावर दोन वाक्यं: ‘इट वॉज क्लाउडी यस्टरडे. वी गॉट ट्वेल्व्ह मिलिमीटर्स ऑफ रेन.’ पंधरा दिवस एवढंच.

शब्दपारखी

साफ असहमत. बुलेटिनची भाषा ही वाक्यांची भाषाच नाही. ‘आयसोलेटेड हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली ओव्हर कोंकण अँड गोवा’. क्रियापद दाखवा यात! चौथीतल्या मुलाने यातून काय उचलायचं?

त्याहून वाईट म्हणजे यातल्या शब्दांचे अर्थ खात्याचे खासगी आहेत. आयसोलेटेड म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. लाइकली म्हणजे शक्यता २५ ते ५० टक्के. चारचौघांच्या इंग्रजीत लाइकली म्हटलं की निम्म्याहून जास्त शक्यता धरतात. म्हणजे नेमकं शिकवायच्या नादात नेमकं चुकीचं शिकवणार.

आणि स्नो, स्प्रिंग हे परके शब्द म्हणून काढायचे? मायकेल वेस्टने १९५३ साली शिकणाऱ्यांसाठी सुमारे २००० शब्दांची यादी काढली, तिच्यात स्नो आहे, मॉन्सून नाही. इंग्रजी गोष्टीचं कुठलंही पुस्तक उघडा, पाच-दहा पानांत बर्फ, थंडी, शेकोटी येणारच. तक्ता काढलात तर पोर तिथेच अडणार.

इट-इज-रेनिंग

दोघेही नामांवर भांडताय. पोरं अडतात ती जोडणीत. ‘रेन’ येतं, पण पुढे ‘बिग रेन’ नाहीतर ‘फास्ट रेन’. पावसाला हेवी, वाऱ्याला स्ट्राँग, धुक्याला थिक किंवा डेन्स, उन्हाला ब्राइट, या जोड्या एका दमात पाठ हव्यात. सुटा शब्द वहीत लिहूच देऊ नये.

दुसरं, मराठीत पाऊस येतो, पडतो, लागतो, उघडतो. पोर तेच उचलून ‘रेन इज कमिंग’ म्हणतं. इथे ‘इट’ पुढे करायची सवय लावावी लागते: इट इज रेनिंग, इट हॅज स्टॉप्ड रेनिंग, इट लुक्स लाइक रेन. तिसरं, शॉवर आणि स्टॉर्म मोजता येतात, म्हणून ‘अ शॉवर’. वेदर, थंडर, लाइटनिंग मोजत नाहीत. ‘अ लाइटनिंग’ चूक, ‘अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग’ बरोबर. आणि ‘टुडे क्लायमेट इज गुड’ हे तर शिक्षकांच्याही तोंडी असतं. क्लायमेट ही साधारण ३० वर्षांची सरासरी, ती आज सकाळी चांगली होत नसते.

खडू-फळा

@शब्दपारखी, लाइकलीचा मुद्दा मान्य. पण बुलेटिन वाचून पाठ करा असं मी म्हटलंच नाही. शिक्षकाने त्यातून शब्द उचलायचे, वाक्य वर्गात बांधायचं. क्रियापद नाही ही तर सोयच: गाळलेलं क्रियापद भरा, सातवीला याहून चांगला स्वाध्याय कुठला?

रानवाट

तक्त्याचा दोष बर्फ नाही, महिने आहेत. त्यात ऑटम खाली शरद लिहून पिवळी पानं गळताना दाखवतात. आपल्याकडे शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, रान हिरवंगार असतं. पानगळीची झाडं उघडी पडतात ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. मुलाने शब्द आणि खिडकी जुळवून पाहिली की दोन्हींपैकी एक खोटं वाटतं, आणि बहुधा तो शब्दच सोडतो.

म्हणून मी म्हणेन, शाळेजवळचं एकच झाड धरा. काटेसावर उत्तम: जानेवारी-फेब्रुवारीत पानं नसताना फुलते, पुढे बोंडं, मग कापूस. बेअर, बड, ब्लूम, पेटल, पॉड, सीड हे सगळे शब्द एका फांदीवर मिळतात. एप्रिल-मेला बहाव्याकडे वळा, शेंगा हातभर लांब असल्याने पॉड कोणी विसरत नाही. पक्ष्यांत जरा जपून. कोकिळेला सरसकट कुकू लिहितात. आपली ती एशियन कोएल, आणि ‘पेर्ते व्हा’वाला पावशा तो कॉमन हॉक-कुकू.

पर्जन्यमापक चार महिनेच कामाचं. मराठवाड्यात तर जूनही कोरडा जाऊ शकतो, मग फळ्यावर काय ‘झिरो मिलिमीटर्स’ लिहीत बसायचं?

तळकोकण

कोकणात उलटी तऱ्हा. लिटरच्या बाटलीत शून्याच्या वर जेमतेम १२०-१३० मिमी मावतं, एका रात्रीत ती भरून वाहते. धागाकर्त्यांची व्हेरी हेवीची पायरी मोजली जाणारच नाही. दोन लिटरची घ्या, किंवा संध्याकाळीही वाचून बेरीज करा. मधे कंबर असलेली बाटली नकोच, पट्टी खोटी ठरते. भिंतीलगत, झाडाखाली किंवा पन्हळीजवळ ठेवू नका. अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर हवं. तोंड जमिनीपासून फूटभर वर, नाहीतर चिखलाचे शिंतोडे मोजाल.

आणि रविवार? सोमवारचा आकडा ४८ तासांचा असतो, त्याला हेवी-मॉडरेट लावता येत नाही. त्या दिवशी ‘सिन्स सॅटरडे’ हे वाक्य लिहून घ्या. व्याकरणही होतं.

शब्दपारखी

तळकोकण यांचा सोमवार आवडला, एवढ्यासाठी बाटली मान्य. रानवाट, महिन्यांचंही पटलं. तक्त्यावर ‘इंग्लंडमधले ऋतू’ असं ठळक लिहा, शेजारी आपल्या हवामान खात्याची विभागणी लावा: जानेवारी-फेब्रुवारी विंटर, मार्च ते मे प्री-मॉन्सून, जून ते सप्टेंबर मॉन्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर पोस्ट-मॉन्सून. पण तक्ता भिंतीवरून काढायला माझा विरोध कायम. स्नो खिडकीतून दिसणार नाही, म्हणून तर त्याचं चित्र लागतं. पावसाचं चित्र कोणाला हवंय?