मेडिकलवाल्याला लस टोचायचं ट्रेनिंग कुठे मिळते?

मानेवाडा_मेडिकल
नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाडा रोडला माझं मेडिकल आहे, मी डी.फार्म. रोज कोणी ना कोणी टीटी नाहीतर फ्लूची लस घेते अन् म्हणते, "भाऊ, तुम्हीच टोचून द्या ना, डॉक्टर सातनंतर बसते." नाही म्हटलं की तोंड वाकडं करून जाते. कोविडच्या वेळी केंद्राच्या सूचनांत लस टोचणाऱ्यांमध्ये फार्मासिस्ट होता, मग आता काहून नाही? रीतसर ट्रेनिंग असलं तर पैसे भरून करतो.

फार्मसी_शिकवते
ती यादी कोविड मोहिमेपुरती होती. तुमचं २० आणि २१ नंबरचं लायसन विकण्याचं आहे. लस २१ मध्ये येते, पण टोचायची मुभा त्यात कुठेच नाही. नुसत्या सर्टिफिकेटने काम होत नाही. अमेरिकेत फार्मासिस्टांच्या संघटनेने १९९६ लाच कोर्स काढला होता, तरी पन्नासही राज्यांत परवानगी मिळायला २००९ उजाडलं.

लेस्टरची_मावशी
माझी भाची तिकडे दुकानातच फ्लूची लस देते. इंग्लंडात २०१५ पासून सरकारी योजनेत आहे ते. ती म्हणते, टोचण्यापेक्षा रिअॅक्शन आली तर काय करायचं, त्याचीच उजळणी जास्त.

रिटायर्ड_एलएचव्ही
भाची बरोबर बोलते. मी लेडी हेल्थ व्हिजिटर होते, कितीतरी एएनएम (नर्स) पोरींना शिकवलं. सुई अर्ध्या दिवसात येते हो. खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडून दंडाचा जाड स्नायू, सुई सरळ नव्वद अंशात. फार वर टोचली तर खांदा महिनोंमहिने दुखते, एवढं सांभाळलं की झालं.

खरं ट्रेनिंग फ्रिजचं. नागपूरचा मे महिना, म्हणून सगळे उन्हाला भितात. दवा बाजारातून स्कूटरवर लस आणताना बर्फात गच्च दाबून आणतात, अन् हिपॅटायटिस बी, टीटी, पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) बर्फाला चिकटून गोठली की संपली. दिसायला बाटली तशीच राहते. हलवून ठेवली तर गाळ लवकर खाली बसते, पण तो शेक टेस्ट दुकानात करते कोण? बर्फ थोडा विरघळून पाणी सुटलं, पॅक हलवल्यावर आतून खळखळ आवाज आला, की मगच लसीजवळ ठेवायचा. फ्रिज २ ते ८ अंश. दारात लस नाही, फ्रीझरला लागून नाही, अन् त्याच फ्रिजात दही-ताक तर नाहीच नाही!

दुसरं, टोचल्यावर माणसाला अर्धा तास बसवायचं. तुमच्या काउंटरसमोर बाक आहे का? दम लागला, ओठ सुजले, बीपी पडलं, तर मोठ्या माणसाला १:१००० अॅड्रेनालिन अर्धा मिली, मांडीत. लगेच. सिरिंज शोधत बसायची वेळ नाही ती.

आणि कुत्र्याचं. गिऱ्हाईक रेबीजची लस मागते, तुम्ही दंडात टोचून मोकळे. पण जखमेतून रक्त आलं असलं तर नुसत्या लसीवर भागत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) सोडावं लागते. साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावा अन् थेट मेडिकल कॉलेजच्या नाहीतर मेयो हॉस्पिटलला पाठवा. हे विचारायची सवय लावायला माझ्या पोरींना सुईपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

मानेवाडा_मेडिकल
ताई, बाक नाही, फुटपाथच आहे. टोचायचं राहू द्या तूर्तास. फ्रिजसाठी थर्मामीटर कोणतं घेऊ?

रिटायर्ड_एलएचव्ही
कमाल-किमान दोन्ही दाखवणारं डिजिटल घ्या. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा, रविवारी पण. रात्री लाईन गेली होती का, ते त्यावरूनच कळते.