मुलीच्या सॉफ्टबॉलसाठी स्वस्तातलं पिचिंग मशीन (बॉल फेकणारं यंत्र) कुठलं घ्यावं?

न्यूजर्सीकर_पप्पा:
मंडळी, लेक १० वर्षांची, यंदा ८यू वयोगटातून १०यू मध्ये (यू म्हणजे 'अंडर') गेलीय. आत्तापर्यंत कोच हळूच बॉल टाकायचे, आता समोरची पोरगीच विंडमिल, म्हणजे पवनचक्कीसारखा गोल हात फिरवून टाकते आणि आमच्या बाईसाहेब बॉल ग्लोव्हमध्ये गेल्यावर बॅट फिरवतात. मी टाकून देतो म्हटलं तर मी क्रिकेटवाला, अंडरआर्म टाकताना खांदा धरतो आणि दहातले सहा बॉल शेजाऱ्याच्या कुंपणात. बजेट ३०० डॉलर, फार तर ३५०. नेटवर ढीगभर प्रकार दिसतायत, फिरत्या चाकाने बॉल फेकणारं (एक चाक, दोन चाकं), स्प्रिंगवालं, प्लास्टिकच्या बारक्या बॉलवालं. डोकं चालेनासं झालंय. कोणी वापरलंय का?

डॅलसचा_भाऊ:
दादा, आधी बॉलचा साइज बघा. १०यू ला ११ इंची (घेर) बॉल, १२यू पासून १२ इंची. काही स्वस्त मशीनमध्ये एकच साइज बसतो, म्हणजे दोन वर्षांत परत खर्च. दोन चाकांची चांगली मशीन नवीन घ्यायला गेलात तर हजाराच्या वर जातात, तो विचार सोडा. तुमच्या पैशात नवीन हवं असेल तर लुईव्हिल स्लगर कंपनीचं ब्लू फ्लेम बघा, स्प्रिंगवर चालतं, पायाने दाबायचं, वीज लागत नाही. हा फायदा मैदानावर गेल्यावर कळतो, कारण तिथे प्लग कुठे असतो? फक्त त्याचा हात फार जोरात सुटतो, लहान भावंडं आसपास फिरकू द्यायची नाहीत.

आणि विजेवरचं घेतलंत तर एक्स्टेन्शन वायर जाड घ्या. मी १०० फुटांची बारीक वायर लावली होती, चाकाचा स्पीड मधेच पडायचा, बॉल प्लेटच्या (बॅटर उभी राहते तिथल्या) आधीच टप्पा खायचा, आणि मी पोरीला ओरडतोय की नीट बघ म्हणून.

जळगावची_लेक:
मी शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळलेय, आमच्या वेळी मशीन कुठलं, सर स्वतः तासतासभर हात फिरवून टाकायचे. त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. इथे लेकीला मशीन आणलं, मोठ्या हौसेने ताशी ५५ मैलांवर लावलं, पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आई, पण याला हात कुठंय?" बरोबर होतं तिचं. पिचरचा हात वर जातो तेव्हाच बॅटर तयार होते, मशीनमधून बॉल एकदम थोबाडावर येतो. आता मी बॉल आधी उंच धरून दाखवते, हात पूर्ण गोल फिरवते आणि मग आत सोडते. तेवढ्याने टायमिंग सुधारलं.

दुसरं म्हणजे मशीनचं तोंड खाली आणा. सॉफ्टबॉलमध्ये बॉल कमरेजवळून सुटतो, बेसबॉलच्या उंचीवर ठेवलंत तर पोर वरून येणारा बॉल मारायला शिकेल. आणि स्पीडची हौस नको. १०यू च्या पोरी साधारण ३५-४० मैलांनी टाकतात. ३५ फुटांवरून ४० चा बॉल यायला ०.६ सेकंद लागतात, ५५ ला ०.४३ च उरतात. मग पोरगी बॉल न बघताच घाईने बॅट फेकते आणि मॅचमध्ये हळू बॉल आला की त्याच्या आधीच फिरवून मोकळी.

बादलीवाला_कोच:
ताईंना १०० टक्के अनुमोदन. सेकंडहॅन्डच बघा, सीझन संपला की लोक काढून टाकतात. बघायला गेलात की १० मिनिटं चालू ठेवायला सांगा. चाक डुगडुगतंय का, रबराला चिरा आहेत का, मोटरला जळका वास येतोय का, एवढं बघितलं तरी पुरे. बॉल खड्डेवाले प्लास्टिकचे घ्या, शिवणीचे लेदर बॉल चाकावर कसे बसतील त्याप्रमाणे इकडेतिकडे जातात. ओला बॉल तर अजिबात घालू नका, घसरून कुठेही सुटतो, एकदा माझ्या नडगीवर आलाय. बॉल घालणाऱ्यासमोर जाळी पाहिजेच, ते पैसे बजेटमध्ये धरा.

नाहीतर टीममधल्या चारपाच घरांत गणपतीसारखी वर्गणी काढा, चांगलं मशीन येईल. फक्त ते कुणाच्या गॅरेजमध्ये राहणार हे आधी ठरवा, आमच्याकडे त्यावरून दोन घरं महिनाभर बोलत नव्हती.

न्यूजर्सीकर_पप्पा:
सगळ्यांचे आभार. हात फिरवण्याचं लगेच करून बघितलं, मशीन नाहीये तरी, बादलीवर बसून १५ फुटांवरून नुसतं टॉस करत. दहातले चार लागले! रविवारी एक जुनं एकचाकी बघायला चाललोय, २२५ म्हणतोय, वर बादलीभर बॉल फुकट. ते बॉल ११ इंची आहेत का १२, हे मात्र विचारायचंच राहिलं.