अनुभव धागा: क्रीट बेटावरचे किनारे, भटकंती आणि फजिती

धागाकर्ती

ग्रीस म्हटलं की डोळ्यांसमोर सांतोरिनीचे निळे घुमट येतात. आमचंही तिकीट तिथलंच निघणार होतं. पण सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा, तिथे पायऱ्याच पायऱ्या, आणि बाबांना फोटोपेक्षा डुंबण्यात रस. म्हणून सांतोरिनीवर काट मारली आणि सप्टेंबरातले नऊ दिवस क्रीटला काढले. त्यात अर्धंच बेट झालं. नकाशात चिंचोळी पट्टी दिसते, पण पूर्व-पश्चिम लांबी 260 किलोमीटर, आणि मधे 2,400 मीटरच्याही वर गेलेले डोंगर. उत्तरेकडून दक्षिण किनाऱ्यावर उतरायचं म्हणजे दर वेळी एक घाट.

मुक्काम हान्याला. (स्पेलिंगवरून आपण चानिया वाचतो, तिथे हान्या म्हणतात.) जुन्या व्हेनिशियन बंदराच्या धक्क्यावरून दीपस्तंभापर्यंत जाऊन येणं हा बाबांचा रोजचा संध्याकाळचा फेरा. गल्ल्यांत आत स्प्लांझिया चौकात एक चर्च आहे, त्याला घंटाघरही आहे आणि मिनारही. व्हेनिसवाले आले, मग तुर्क, मग ग्रीस, आणि आधीच्याचं कुणी पाडलं नाही. आई त्या चौकात कॉफी घेऊन तासभर नुसती बसली होती.

एलाफोनिसी तिथून साधारण 75 किलोमीटर, दीड तास वळणंच वळणं. आवळासुपारी जवळ ठेवा. किनारा गुलाबी आहे हे खरं, पण फोटोत दिसतो तितका नाही. शिंपल्यांचा आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुरा पाण्याच्या कडेला रेघेसारखा साचतो, ती रेघ गुलाबी. खरी मजा पाण्यात आहे. समोरच्या छोट्या बेटापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. लाटेला जन्मभर घाबरलेली माझी आई सलवारीला चार दुमडी घालून, चपला हातात धरून पलीकडे पोचली आणि तिकडून ओरडून आम्हालाच बोलवायला लागली. इथली वाळू न्यायला बंदी आहे. बाबांनी गोळ्यांची रिकामी डबी काढलीच होती. फलक दाखवल्यावर मुकाट खिशात गेली.

क्रीटला गेलेल्यांनी लिहा. काय फसलं तेही लिहा, त्याचाच उपयोग जास्त होतो.

घाटवाटा

मस्त धागा. किनाऱ्यांचं मला फारसं कळत नाही, मी सामारियाच्या दरीसाठी गेलो होतो. ओमालोसच्या पठारावर, साधारण 1,200 मीटरवर सुरुवात, आणि तिथून 16 किलोमीटर दरीतून उतरत थेट समुद्र. आपल्याला वाटतं सगळा उतारच आहे, सोपं असणार. गुडघ्यांना विचारा. सुरुवातीच्या नागमोडी उताराला क्सिलोस्कालो म्हणतात, म्हणजे लाकडी जिना. तिथेच मांड्या थरथरायला लागल्या. वाटेत झऱ्यांचं पिण्याचं पाणी मिळतं, त्यामुळे पाठीवर चार लिटर वाहून न्यायचा सह्याद्रीतला शहाणपणा इथे कामाचा नाही.

मधे सामारिया गाव लागतं. 1962 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा माणसं हलवली, आता दगडी घरं आणि खाऊ शोधत फिरणाऱ्या रानशेळ्या, क्री-क्री. शेवटाकडे ती प्रसिद्ध ‘लोखंडी दारं’: दोन्हीकडे तीनेकशे मीटर कडे आणि मधे चारच मीटरची फट. सांधण दरी पाहिलेल्याला फटीचं कौतुक नाही, पण सांधणच्या टोकाला समुद्र नसतो!

दरी संपते त्या आगिया रुमेली गावाला रस्ताच नाही. संध्याकाळची बोट पकडायची, सूगियाला किंवा होरा स्फाकियोनला उतरायचं आणि तिथून बस. बोट चुकली तर गावात मुक्काम. मी वेळेत पोचलो, बूट काढले आणि काळ्या गोट्यांवरून समुद्राकडे धावलो. दुपारभर तापलेले गोटे, तळव्यांना अस्से चटके बसले की काय सांगू.

चूक: बूट नवे घेतले होते. दोन नखं गेली. बोटीत समोर एक जर्मन आजीबाई, वय पंचाहत्तरीच्या पुढे, तीच दरी उतरून आल्या होत्या आणि निवांत सफरचंद कापून खात होत्या.

दापोलीकर

आम्हा कोकणवाल्यांना दुसऱ्याचा समुद्र दाखवला की नाक मुरडायची सवय. पाणी काचेसारखं आहे, मान्य. पण त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच हो! सकाळी पाण्यापासून चार पावलांवर पसरलेला टॉवेल संध्याकाळी तिथेच, कोरडा. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू, तिच्यावरची खेकड्यांची नक्षी, काही नाही. मला पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं.

रेथिम्नोला मात्र नाक सरळ झालं. शहराला लागून मैलोन्‌मैल वाळू, आणि भाड्याच्या खाटांच्या रांगेत मधेच लोखंडी जाळीचा छोटा पिंजरा, वर कागद लावलेला. कुणाचं काय पुरलंय म्हणून वाकून पाहिलं तर कासवाचं घरटं. आमच्या वेळासला ऑलिव्ह रिडले, इथे लॉगरहेड. माद्या उन्हाळ्यात अंडी घालतात, पिल्लं साधारण ऑक्टोबरपर्यंत निघत राहतात. वेळासला अंडी उचलून कुंपणाच्या आत नेतात, इथे बहुतेक घरटी जागच्या जागी ठेवून भोवती पिंजरा. आर्केलॉन या संस्थेची पोरं सकाळी किनारा तपासत फिरतात. त्यांतल्या एकीशी बोललो. म्हणाली, मोठा त्रास हॉटेलांच्या दिव्यांचा, पिल्लं पाण्याऐवजी उजेडाकडे चालायला लागतात. मी तिला फोनवर वेळासच्या पिल्लांचे फोटो दाखवले. तिने दोन मैत्रिणींना हाक मारली. बायको तिकडे न्याहारीसाठी खोळंबली होती, ते वेगळं.

वरणभात

शाकाहारी मंडळींसाठी. शेजारच्या काकूंनी जाताना सांगितलं होतं, ‘निस्तीसिमो’ असं विचार, म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपासाला मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे हा शब्द हुकमी एक्का. मी ऐटीत विचारलं आणि समोर आलं ऑक्टोपस! त्यांच्या उपासाला रक्त नसलेले समुद्री जीव चालतात. कोळंबी, माकूळ, सगळं. घ्या उपास.

त्यात भाषेचा घोळ. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने भाजीच्या ताटलीकडे बोट दाखवून “मीट?” विचारलं. मावशी म्हणाल्या, “ओही, ओही.” आम्हाला ऐकू आलं “होय, होय”. आम्ही ताटली सरकवली. त्यांनी परत पुढे सरकवली. तीन वेळा हे झाल्यावर त्यांनी आतून आख्खी दोडक्यासारखी दिसणारी एक भाजी आणून टेबलावर आपटली, तेव्हा उजेड पडला.

तर मागायचं काय: डाकोस, म्हणजे बार्लीचा दगडासारखा टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि हात न आखडता ऑलिव्ह तेल. पाच मिनिटं थांबा, टोस्ट रस पितो, मग खा. होर्ता, म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू. हान्याचं बुरेकी, त्यात बटाटा आणि झुकिनी. कलित्सूनिया म्हणजे चीज भरलेल्या करंज्याच, फक्त सगळ्याच मुरडीच्या नसतात. जेवण झाल्यावर न मागता फळं आणि छोट्या बाटलीत राकी येते, बहुतेक ठिकाणी फुकट. द्राक्षांचा रस काढून उरलेल्या चोथ्याची बनते. आमचे म्हापशाचे भावोजी एक घोट घेऊन म्हणाले, “फेणीची मावसबहीण.” मग बराच वेळ मावशीची चौकशी करत बसले.

चाकाखाली खडी

बालोसच्या किनाऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. किसामोसहून बोटीने जायचं होतं. ती ग्राम्वूसा बेटालाही थांबते, तिथे 137 मीटर उंच कड्यावर व्हेनिशियन किल्ला आहे. पण जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो, आमची बोट रद्द. मी म्हटलं, गाडी आहे ना! कालिव्हियानीच्या पुढे आठेक किलोमीटर कच्चा रस्ता, एका अंगाला समुद्र, समोरून येणाऱ्याला जागा देताना काळजात धस्स. मधल्या चढावर टायर फाटला.

गाडी भाड्याने देणाऱ्याने “फुल इन्शुरन्स, नो प्रॉब्लेम” म्हणत सही घेतली होती. टायर आणि गाडीचा खालचा भाग कच्च्या रस्त्यावर विम्यात बसत नाही, हे मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. खिशाला चाट. तेव्हा ते पान वाचा, आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट न्या, आणि हायवेवर मागचा चिकटला तर उजवीकडच्या पट्ट्यावर अर्धी गाडी घ्या, तिथे सगळे तसंच करतात.

गाडीतळापासून वीसेक मिनिटं उतरलं की खालचं ते सरोवर. हिरवा, पोपटी, निळा, पुन्हा हिरवा. टायरचे पैसे वसूल, असं बायकोसमोर म्हणण्याची हिंमत अजून झालेली नाही.

एकला चालो

सगळे पश्चिमेलाच? पूर्वेकडे स्पिनालोंगा आहे. प्लाका गावातून बोटीने दहा मिनिटं. व्हेनिशियन किल्ल्याचं बेट, 1903 पासून 1957 पर्यंत कुष्ठरोग्यांची वसाहत. बोगद्यासारख्या वाकड्या दारातून आत गेलं की एक गल्ली. दोन्ही बाजूंना दुकानं, एका खिडकीची निळी झडप अजून बिजागरीला लटकलेली. माणसांना इथे आणून सोडलं, आणि त्यांनी इथे लग्नं केली, बाजार भरवला, संघटना काढून हक्क मागितले.

मी वरोऱ्याची. लहानपणी आनंदवनातून सतरंज्या आणायला आजीबरोबर जायची, त्यामुळे त्या गल्लीत मी कॅमेरा काढलाच नाही. मागून गाइडचा आवाज येत होता. दफनभूमीपाशी थांबले, तिथून प्लाकातली घरं इतकी जवळ दिसतात की दोरीवर वाळत घातलेले कपडे मोजता यावेत.

जाताना पाणी आणि टोपी न्या, बेटावर सावली फार कमी.

खापरखुंटी

दोनच ओळी. क्नोसोसला, म्हणजे प्राचीन महालाचे अवशेष आहेत तिथे, जाण्याआधी इराक्लिओ शहरातलं पुरातत्त्व संग्रहालय बघा. 1900 पासून आर्थर एव्हान्सने उत्खनन केलं आणि काँक्रीट ओतून, खांब लाल रंगवून महालाचे भाग पुन्हा उभे केले. तिथल्या भिंतींवरची चित्रं नकला आहेत, अस्सल तुकडे संग्रहालयात. बैलावरून कोलांटी मारणारा तो गडी तिथेच भेटेल. आणि हो, नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरची गावं कुलूपबंद असतात. मी फेब्रुवारीत गेलो होतो. मांजरं होती.

धागाकर्ती

वरणभात, आईला वाचून दाखवलं, ठसका लागेपर्यंत हसली. एकला चालो, पुढच्या वेळी पूर्व बाजू नक्की.

एक राहिलं. घरी आल्यावर धुवायला टाकताना आईने त्या सलवारीच्या दुमडी उलगडल्या आणि न्हाणीघराच्या फरशीवर चिमूटभर वाळू पडली. किंचित गुलाबी. बाबा अर्धा तास डबी शोधत होते. तोवर आईने पाणी टाकलं होतं.