डेन्मार्कच्या राणीने गादी का सोडली? आणि राज्याभिषेक का नाही झाला?

उत्तरवारा
नमस्कार मंडळी. १४ जानेवारी २०२४ ला डेन्मार्कच्या राणी मार्गरेट (दुसऱ्या) पायउतार झाल्या आणि मुलगा फ्रेडरिक दहावा राजा झाला, त्याचा व्हिडिओ परवा पुन्हा पाहिला. एक टेबल, एक कागद, एक सही. मुकुट नाही की अभिषेक नाही. इंग्लंडच्या राणी शेवटपर्यंत गादीवर होत्या, मग यांनीच का सोडली? आणि बाई बावन्न वर्षं राणी, तर नवऱ्याला राजा का म्हणत नव्हते? तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगावं.

निळी_खिडकी
मी कोपनहेगनजवळ एका वृद्धाश्रमात काम करते, त्यामुळे हे सगळं मी म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसून पाहिलं. तसंच सांगते.

३१ डिसेंबरला संध्याकाळी सहाला इथे राणीचं भाषण असायचं. आमच्याकडे ते कुणी चुकवत नसे. पाच वाजल्यापासून आमची धांदल: कुणाचे केस विंचरून द्या, कुणाच्या मोत्याच्या माळेचा फासा लावून द्या. टेबलावर बदामाचा केक, क्रान्सेकेए, वर साखरेच्या पांढऱ्या रेघा. २०२३ च्या त्या संध्याकाळी मी माझ्या लाडक्या आजींजवळ बसले होते. वय ९६. भाषण संपत आलं आणि राणी पाठीच्या ऑपरेशनबद्दल बोलू लागल्या. फेब्रुवारीत ते झालं, तेव्हापासून मनात येत होतं की आता जबाबदारी पुढच्या पिढीकडे द्यावी. मग त्यांनी सरळ तारीख सांगितली, अवघ्या दोन आठवड्यांवरची. आजींनी माझं मनगट असं घट्ट धरलं की त्यांच्या अंगठीचा वळ उठला. "ती तर सोडणार नाही म्हणायची," एवढंच म्हणाल्या. खरंच, राणी आधी तसंच सांगत आल्या होत्या. इथे स्वतःहून गादी सोडणारा त्यांच्या आधीचा राजा एरिक लाम, तोही ११४६ मधला. १४ जानेवारी ही तारीखही घरचीच आहे. १९७२ मध्ये त्याच दिवशी त्यांचे वडील, फ्रेडरिक नववे, वारले आणि त्या राणी झाल्या.

आजींना इतकं का लागलं, ते मला नंतर कळलं. मार्गरेट जन्मल्या १६ एप्रिल १९४० ला, जर्मन सैन्य डेन्मार्कात घुसल्यानंतर बरोबर एका आठवड्याने. पण जन्मल्या तेव्हा त्या वारस नव्हत्या. मुलीला गादी मिळतच नसे. पुढे वडील राजा झाले, पण त्यांना तिन्ही मुलीच, म्हणून वारस ठरला त्यांचा भाऊ क्नूड. ते बदलायला घटना बदलायची, आणि त्यासाठी जनमत घ्यायचं. अट कडक: एकूण मतदारांपैकी ४५ टक्क्यांनी "हो" म्हणायला हवं, नुसतं मतदान केलेल्यांपैकी नव्हे. १९३९ मध्ये घटनाबदलाचा प्रयत्न एवढ्याशाने हुकला होता. १९५३ च्या मे महिन्यात पुन्हा मतदान झालं. वरचं सभागृह रद्द करणं, ग्रीनलंडला देशाचा भाग करणं आणि हा वारसाहक्क, सगळं एकत्र. रेघ जेमतेम ओलांडली. आजी तेव्हा पंचविशीच्या, नुकताच मताचा हक्क मिळालेला. "सभागृहाचं मला काही नव्हतं," त्या म्हणाल्या, "मी त्या मुलीसाठी गेले." ती मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती.

अभिषेकाचं उत्तर सोपं आहे. १८४९ मध्ये राज्यघटना आली आणि ती प्रथा संपली. शेवटचा अभिषेक १८४० चा, क्रिश्चन आठव्यांचा. आता क्रिश्चन्सबोर्ग राजवाड्याच्या सज्जातून पंतप्रधान घोषणा करतात. २०२४ ला ती मेटे फ्रेडरिक्सन यांनी केली. पण त्याआधीचा क्षण मला जास्त मोठा वाटतो. सही झाल्यावर राणी टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवरून उठल्या, मुलाला तिथे बसवलं, "देव राजाचं रक्षण करो" म्हणाल्या आणि काठी टेकत बाहेर गेल्या. आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर तेव्हा चमचासुद्धा वाजला नाही.

दगड_आणि_माती
सुंदर प्रतिसाद, निळीताई. नवऱ्याच्या प्रश्नावर मी लिहितो. राजाची बायको इथे राणी होते, पण राणीचा नवरा राजा होत नाही. हेन्रिक मूळचे फ्रेंच मुत्सद्दी, लग्न १९६७ चं. हा फरक त्यांना आयुष्यभर सलला आणि त्यांनी तो उघड बोलून दाखवला. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की राणीशेजारी दफन नको. राजघराण्याचं दफन होतं त्या रोस्किल्डेच्या कॅथेड्रलमध्ये (मोठ्या चर्चमध्ये) शिल्पकार ब्योर्न नॉरगॉर यांनी काचेची शवपेटी घडवली होती, दोघांसाठीच. तिच्याखालच्या खांबांचे दगड डेन्मार्क, फॅरो बेटं आणि ग्रीनलंड इथले, म्हणजे अख्खं राज्य तिथे आहे. २०१८ मध्ये ते गेले. अर्धी रक्षा समुद्रात, अर्धी फ्रेडेन्सबोर्ग राजवाड्याच्या बागेत. मी ते कॅथेड्रल पाहिलंय. तिथे उभं राहून मला त्या माणसाचं वाईट वाटलं, आणि राणीचंही.

उत्तरवारा
दोघांचेही मनापासून आभार. एकच राहिलं. आता पुढे कोण? आणि मुलींचा हक्क अजून भाऊ नसेल तरच का?

निळी_खिडकी
नाही, तेही बदललं. १९५३ च्या कायद्यात मुलीला हक्क मिळाला खरा, पण धाकटा भाऊ असला तर तोच पुढे. जून २००९ मध्ये पुन्हा जनमत झालं आणि आता थोरलं मूल ते पहिलं. पुढचा वारस राजाचा थोरला मुलगा क्रिश्चन, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याच्यामागे बहीण इसाबेला. तिच्या पाठचा भाऊ व्हिन्सेंट जन्मला २०११ मध्ये. जुना कायदा असता तर तो तिच्यापुढे गेला असता.

२००९ ला आजी ऐंशी पार केलेल्या होत्या. वॉकर घेऊन मतदानाला गेल्या, असं त्यांच्या लेकीने मला सांगितलं. त्या दिवशी पाऊस होता म्हणे, आणि त्यांनी गाडीतून यायला नकार दिला.